कुणाचाच उपास नसलेला बुधवार

हिंदूंच्या उपासांचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या बालाघाटात कुणी केला नसेल. आम्ही बौद्ध, आमच्याकडे उपास नाहीत. तरी यंदा दिवाळीआधी मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी अशी एकेक फुली मारत गेले. एक बुधवार उरला. त्या दिवशी कुठल्याच देवाची हरकत नव्हती.

आम्ही पाच जणी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दिवाळीनंतर एका दुपारी एकीच्या घरी जेवायचं, नवऱ्यांना बाहेर पाठवायचं, अशी आमची रीत आहे. बाकी चौघींच्या घरी मी पोट तुडुंब भरून जेवले आहे. माझी पाळी आली की मात्र एकीला सोमवार असतो, एकीला चतुर्थी, तिसरी आत्ताच खाऊन निघालेली असते. मग चहा, पुड्यातली बिस्किटं आणि केळी. केळं सालीसकट येतं, त्याला माझा हात लागत नाही. यावर कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, मीही नाही. राग मात्र दरवर्षी यायचा, आणि तो सगळ्यात जास्त यायचा माझ्या बाकावर बसणारीचा. शाळेत माझ्या पेन्सिली चावून टाकायची ती.

यंदा ठरवलं, जेवायला घालायचं म्हणजे घालायचंच.

मुलगी म्हणाली, "मम्मी, होटल से मँगा लो ना. सब खा लेंगे."

"हौ, हॉटेलातलं खातीन. म्हणूनच नाही मागवत."

कटंगीच्या बाजारातून नवं मडकं आणलं. आईसारखी सैल कणीक भिजवली, हात दुखेस्तोवर आपटली. अंगणातल्या चुलीवर मडकं पालथं घातलं. लांब रोटी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद मडक्यावर टाकायची. सोबत पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा.

चौघी आल्या. उपास कुणालाच नव्हता. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चुलीजवळ मांडलेल्या ताटांवर बसल्या. दुसऱ्या रोटीनंतर त्यांचं पाहणं थांबलं, मागणं सुरू झालं. माझ्या बाकावरचीनं मात्र पिशवीतून डबा काढला.

"माह्यं पोट बरं नाही वो. दहीभात आणला."

माझ्या हातावर रोटी लोंबत होती. ती मडक्यावर टाकली, भाजू दिली, घडी घालून तिच्यासमोर ठेवली आणि डबा उचलून घेतला.

"तुहा दहीभात मी खातो. माही रोटी तू खा."

"अवो, पण पोट..."

"काहून घाबरून राह्यली? तुह्या घरचं मी इतकी वर्षं खाल्लं. मले काही झालं का?"

मी तिच्यासमोर मांडी घालून दहीभात खायला लागले. ती आज उठून गेली असती तर मी तिला पुन्हा बोलावलं नसतं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

तिनं रोटीचा तुकडा मोडला. रश्शात बुडवला. खाल्ला. मग बराच वेळ खाली मान घालून जेवत राहिली.

ती निघाली तेव्हा मी तिचा डबा घासून पुसला. मैत्रिणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आम्हा सगळ्यांच्याच घरचं शिकवणं. मी त्यात दोन रोट्या घडी घालून ठेवल्या, डब्यातल्या वाटीत रस्सा ओतला. तिच्या घरी सासूबाई आहेत, त्या डबा उघडून पाहतात, हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं.

तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाकण घट्ट लाव," ती म्हणाली. "घरी जाईपर्यंत रस्सा सांडन."