मोटवानी मॅडम आणि माझा खोटा आकडा

मोटवानी मॅडम नव्या पेशंटला सुई लावण्याआधी एक सुई स्वतःच्या मनगटाजवळ टोचून घ्यायच्या आणि मग ती डब्यात टाकून द्यायच्या. "देख, मी मेली का?" असं वर विचारायच्या. पहिल्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या माझी तर पाचावर धारण बसली होती.

माझ्या कमरेतून पायापर्यंत कळ जायची. अंबरनाथच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. मणक्याचं ऑपरेशन म्हटल्यावर मला एकच दिसायचं, अंथरुणाला खिळलेली मी, आणि बदलापूर गावातल्या माझ्या बालवाडीला कुलूप. म्हणून मी उल्हासनगरला मॅडमकडे गेले. दुखण्यावर ॲक्युपंक्चरचा खरंच उपयोग होतो का, याचा अभ्यास तिथे चालला होता. अर्ध्या पेशंटना खरी सुई, अर्ध्यांना नुसती टेकवलेली खोटी, आणि कुणाला कोणती ते आम्हाला सांगायचं नाही. दर आठवड्याला आपलं दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं. ते विचारायला वेगळी मुलगी होती. ती बाळंतपणाला गेली आणि मॅडमच समोर बसून विचारायला लागल्या.

तिथेच घोळ झाला. वीस वर्षं सुयांवर घालवलेली बाई, पण अभ्यासाचा विषय निघाला की तिचाच चेहरा उतरायचा. "सुनीता, काहीच निघालं नाही तर? इतने साल मैंने क्या किया, बोल." आता अशा माणसाच्या तोंडावर "आठ" कसं म्हणायचं? प्रेमाने जेवू घालणारीला भाजी खारट झाली असं सांगतं का कुणी? मी "चार" म्हणायचे, पुढच्या वेळी "दोन". त्या खूश, आणि ऑपरेशन टळलं म्हणून मीही खूश. घरी मात्र माझं उजवं पाऊल बधिर व्हायला लागलं होतं. ते कुणाला सांगायची माझी छातीच झाली नाही.

एका दुपारी मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरून रिक्षापाशी आले, तर मागून मॅडमची हाक आली. त्यांच्या हातात माझी चप्पल होती. ती पायातून कधी निसटली ते मला कळलंच नव्हतं. मॅडम तिथेच रस्त्याकडेला उकिडव्या बसल्या. "पाऊल वर उचल." मी जोर लावला, पाऊल उचलेना. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"खरा आकडा बोल."

"आठ," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

मला वाटलं, आता झापतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "डर लागतो तर बोलायचं ना ग. मी पण रोज घाबरते. घाबरून कोणी मरत नाही, लपवून मरतो."

आज मी बालवाडीत उभी राहते ती त्यांनी मला त्याच रिक्षात घालून हॉस्पिटलात ऑपरेशनला नेलं म्हणून. वाटेत त्यांनी अभ्यासाच्या प्रमुखांना फोन लावला. "माझ्या पेशंटचे आकडे धरू नका. मी समोर बसून विचारलेत, लोक मला बरं वाटावं म्हणून बोलतात." त्यांनी फोन ठेवला. मी त्यांचा हात धरला.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने कागद पुढे ओढला. "मावशी, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?"

सवयीने माझी नजर मॅडमकडे गेली. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"नऊ," मी म्हटलं.