दारावरची निएवेस

आमच्या तोर्रेसेका गावातल्या चर्चची किल्ली तीस्कारच्या घरी असे. तिच्या आधी ती तिच्या सासूकडे होती आणि सासूच्या आधी सासूच्या सासूकडे. चर्चच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता: ‘आत बघायचं असेल तर सात नंबरच्या घरी तीस्कारबाईंना विचारा. दुपारच्या जेवणानंतर दोन तास विचारू नये.’ ही खालची ओळ तिनंच हट्टानं घालून घेतलेली.

शनिवारी बस यायची. उबेदा आणि बाएथा या दोन मोठ्या गावांतले वाडे, चर्चं, कारंजी बघून माणसं आधीच दमलेली असत. त्यात आमचं गाव शेवटी. उतरलेल्या माणसांचे चेहरे बघूनच तीस्कार आधी त्यांना संडासाची वाट दाखवी आणि मग चर्चची. “ज्याला आतून घाई झालीय त्याला कमान काय दिसणार?” म्हणायची.

शाळेत ती दोनच वर्षं गेलेली. पण चर्च दाखवायला लागली की पुस्तकं वाचलेली माणसंही गप्प ऐकत. “हे बांधलं राजाच्या चिटणिसानं. पावणेपाचशे वर्षं झाली. जिवंतपणी कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आणि मेल्यावर एकट्याला झोपायला हे एवढं मोठं घर! तो वर उघडाबंब बाप्या आहे ना, गदा घेतलेला, तो कुठला संत ते मला विचारू नका. पाद्रीबाबांनाही सांगता येत नाही. त्या काळी इटलीहून टूम आली होती, देवाच्या घरात असले पैलवान उभे करायची.” लोक हसत. मग ती त्यांना आत, पाद्री कपडे बदलतात त्या खोलीच्या दाराशी नेई.

त्या दारावर दगडातली दोन पोरं आहेत, पंख असलेली. दोघांनी मिळून फळांची माळ धरलीय. डावीकडचं गुबगुबीत, गाल फुगवलेलं, पाव खाऊन सुस्तावल्यासारखं. उजवीकडचं मात्र निराळं. हनुवटी थोडी वर, ओठ जरासे उघडे. खेळता खेळता कुणी घरातून हाक मारली तर पोर जसं बघतं, तसं.

“इथं जरा थांबा,” एवढंच तीस्कार म्हणायची. पुढं काही बोलत नसे. लोकांना वाटे, म्हातारीला दम लागला.

ते उजवीकडचं तोंड तिच्या मुलीचं होतं. निएवेसचं.

निएवेस सहा वर्षांची होऊन घटसर्पानं गेली. ऑलिव्ह झोडायचे दिवस होते. सोमवारी घसा दुखतोय म्हणाली आणि शुक्रवारी तिला पुरून आले. तिच्या मागं तीस्कारला मूल झालं नाही. मुलीचा एकही फोटो नव्हता. सप्टेंबरच्या जत्रेत फोटोवाला पुठ्ठ्याचा घोडा घेऊन यायचा, पोरांना त्यावर बसवून फोटो काढायचा. त्या वर्षी निएवेसनं घोड्यासाठी रडून रस्ता डोक्यावर घेतला होता. तीस्कारनंच तिला दंडाला धरून ओढत घरी आणली. “पुढच्या वर्षी बसशील,” म्हणाली.

तीस्कारचा नवरा अमादोर पाथरवट. यादवीच्या धामधुमीत उजवीकडच्या देवदूताचं डोकं कुणीतरी घणानं उडवलं होतं. वीस-बावीस वर्षं ते पोर बिनडोक्याचंच माळ धरून उभं. तेव्हाच्या पाद्रीबाबांनी अमादोरला सांगून ठेवलं होतं, नवीन डोकं कर, पण जुनं वाटेल असं कर. प्रांताच्या कचेरीतून कुणी आलं तर नसती विचारपूस नको. गावाला जुनंच सापडलं म्हणून सांगू. मुलगी गेली त्यानंतर दीडेक महिन्यानं अमादोरनं तो दगड घेतला. मागच्या अंगणात पाठ करून बसायचा. जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही. तीस्कारनं काय करतोस म्हणून विचारलं नाही. टाकीचा आवाज ऐकत ती चणे निवडत राहायची. झाल्यावर त्यानं दगडाला काजळी आणि तेलघाण्याचं काळं पाणी चोळलं, शिडी लावली, डोकं वर बसवलं. संध्याकाळी तिला घेऊन गेला आणि दाराखाली उभं केलं.

“बघ,” म्हणाला.

तीस्कारनं बघितलं. पुढं पस्तीस-छत्तीस वर्षं संसार झाला, अमादोर म्हातारा होऊन वारला, पण त्या दोघांत त्या डोक्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. पाद्रीबाबाही गेले. मग ते तोंड कुणाचं हे ठाऊक असलेली ती एकटीच उरली.

मागल्या वर्षी प्रांतानं ठरवलं, त्या काळातल्या इमारतींची एक मोठी सफर करायची, त्यात आमच्यासारखी लहान गावंही घ्यायची. त्यासाठी प्रांताच्या मुख्य शहरातून, हाएनहून, ओलाया नावाची मुलगी आली. तिशीची, शिकलेली, पायात धावायचे बूट. गळ्यात दोन-दोन चष्मे. पहिल्या दिवशी तीस्कारनं तिला जरा जोखूनच घेतलं.

“तू आता माझ्या जागी बोलणार?”

“तुमच्या जागी नाही हो मावशी. तुम्ही किल्ली ठेवा. मी फक्त पुस्तक लिहिणार.”

“मग त्या उघड्याबंब बाप्याचं नाव लिही. निदान मरायच्या आधी मला कळू दे, इतकी वर्षं कुणाला मेणबत्त्या लावतोय आम्ही.”

ओलाया हसली आणि तिथून दोघींचं जमलं. तिच्यासाठी तीस्कार लाल तिखट भुरभुरलेले पाव आणून ठेवायची. ओलाया मात्र पहिल्या दिवसापासून उजव्या देवदूतापाशी अडकली. शिडीवर चढून फोटो काढले. “मावशी, अख्ख्या प्रांतात असं तोंड नाही. हे खुद्द मुख्य कारागिराच्या हातचं असणार. डावं शिष्यानं केलेलं. फरक दिसतो ना?”

“दिसतो,” तीस्कार म्हणाली.

महिन्याभरात सफरीची जाहिरात छापून आली. वर गावांची नावं आणि मध्ये मोठा करून निएवेसचा चेहरा. बसथांब्यावर, बेकरीत, दवाखान्यात, सगळीकडे. शेजारची ब्लासा, जिला तीस्कारबरोबर भांडल्याशिवाय घास गिळत नसे, ती म्हणाली, “तुझ्या चर्चचं पोर सिनेमात गेलं की गं! उद्या सही मागायला लागतील.” तीस्कार तिथून निघाली. बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. बस आली, गेली. दुसरी आली. ज्या पोरीला तिनं एका फोटोसाठी घोड्यावर बसू दिलं नव्हतं, तिचा फोटो आता सगळ्या प्रांतात लागला होता. छाती भरून यावी की फाटावी, हेच तिला कळेना.

उन्हाळ्याच्या तोंडावर दगड धुवायचं काम निघालं. परांची बांधली आणि गास्पार नावाचे साहेब आले. ते जुन्या दगडांचे वैद्य. माणूस मऊ बोलणारा, पण कामाला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं: नियम असा, की जे मूळ कारागिराचं ते राहणार, आणि मागाहून कुणी नक्कल करून चिकटवलेलं असेल ते उतरणार. त्या रात्री तीस्कारनं भिजवलेले चणे सकाळी तसेच राहिले, शिजवायचं सुचलं नाही.

चौथ्या दिवशी साहेब परांचीवरून हातात भिंग घेऊन खाली आले. ओलाया खालीच होती. तीस्कार बाकावर.

“ओलाया, तुमच्याकडे देवदूतांचे कान टोचतात का?”

“म्हणजे?”

“उजव्याच्या कानाच्या पाळीला भोक आहे. बारीक, नीट, आरपार. दोन्ही कानांना.”

आमच्याकडे मुलगी झाली की आठवड्याच्या आत सुईण येते. पाळीमागं अर्धा बटाटा धरायचा, सुई आरपार, दोऱ्याची गाठ. मुलग्यांचे टोचत नाहीत. मुलीचा न टोचलेला कान आमच्या गावात कुणी बघितलेला नाही. अमादोर बिचारा देवदूत करायला बसला होता, पण कानापाशी आल्यावर त्याच्या हातानं मुलीचाच कान केला. त्याला ते कळलंही नसेल. खालून ते भोक दिसत नव्हतं. तीस्कारनंही आज पहिल्यांदा ऐकलं.

“खिळ्याचं असेल साहेब,” ओलाया घाईनं म्हणाली. “पूर्वी सणाला फुलांच्या दोऱ्या बांधायचे. आणि हे तोंड कुणाचं तेही मला सापडलंय! चिटणिसाचा मुलगा होता, इन्यीगो. लहानपणीच वारला. बापानं कारागिराला सांगून त्याचाच चेहरा करून घेतला. पुस्तकात मी तसंच लिहिलंय, दोन पानं.”

साहेबांनी भिंग पुसलं. “खिळ्याचं असू शकतं. नाही म्हणत नाही. दगडही त्याच खाणीतला.” मग ते तीस्कारकडे वळले. “मावशी, पन्नासहून जास्त वर्षं किल्ली तुमच्या हातात आहे. त्या डोक्याला कधी कुणी हात लावला होता का? तुम्ही नाही म्हणालात, तर मी नाही लिहितो. ते राहील तिथंच.”

नाही. एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं की निएवेस दारावर राहणार होती. तीस्कार मेल्यावरही राहणार होती. लोक बसमधून उतरणार, माना वर करणार, म्हणणार, केवढं गोड. शब्द तिच्या जिभेवर आलाही.

पण मग ओलायाचं पुस्तक. इन्यीगो. लोक म्हणणार, ते बघा, चिटणिसाचा लेक. निएवेसला पाठीला बांधून तीस्कार ज्या माणसाच्या शेतावर ऑलिव्ह झोडायला जायची, तसल्याच कुणाच्या तरी घराण्यातला लेक. आणि घोड्यासाठी रस्त्यात लोळून रडलेली पोरगी कुठंच नाही. कुणाच्या तोंडी नाही, कुठल्या पानावर नाही.

“तो मुलगा नाही,” तीस्कार म्हणाली.

“कोण मुलगा नाही?” ओलायानं विचारलं.

“तो. इन्यीगो का कोण. ती मुलगी आहे. निएवेस तिचं नाव. आमची.” मग तिनं सगळं सांगितलं. घटसर्प, पाद्रीबाबा, काजळी, शिडी. सांगताना रडली नाही. ओलायाच रडली, दोन्ही चष्मे काढून.

“मावशी, का बोललात हो?” ती म्हणाली. “साहेब, न ऐकल्यासारखं करा ना!”

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. “ऐकलं मी,” म्हणाले. “आता खोटं कसं लिहू?” डोकं राहू द्या म्हणून त्यांनी वरच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली, हे आतलं म्हणून सांगते. दोन्हींना उत्तर एकच आलं: उतरवा.

जूनमध्ये डोकं उतरवलं. ब्लासाही आली होती. कामगारानं मानेपाशी बारीक करवत घातली, साहेबांनी खालून हात धरले. डोकं खाली आल्यावर तीस्कार म्हणाली, “जरा माझ्याकडे द्या. पेटी येईस्तोवर.”

“जड आहे, मावशी.”

“मी उचललेली आहे तिला.”

ती बाकावर बसली आणि त्यांनी डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. इतक्या वर्षांत इतक्या जवळून तिनं ते बघितलं नव्हतं. नाक, हनुवटी, कानाची भोकं. मग तिनं ते हलक्या हातानं वळवलं. मागची बाजू भिंतीला टेकलेली असायची. तिथं कुणाची नजर कधी जाणार नव्हती, अमादोरलाही ते ठाऊक होतं. तरी त्यानं तिथं वेणी घातली होती. तीन पेडांची, शेवटी रिबिनीचं फूल. एक पेड जरा सैल, कारण सकाळी वेणी घालताना निएवेस कधी स्थिर बसायची नाही, आणि तो पेड रोज सैलच राहायचा.

तीस्कारला आजवर वाटत होतं, अमादोर आपल्याशी त्या पोरीबद्दल कधी बोलला नाही.

वेणीत चुना अडकला होता. तो ती नखानं काढत बसली. कुणी घाई केली नाही. प्रांताच्या कोठारात न्यायची पेटी आली, आत पांढरा कागद पसरला, तेव्हा तिनं कमरेचा एप्रन सोडला आणि डोकं त्यात गुंडाळलं, कान झाकून, हनुवटीखाली गाठ मारून.

साहेब अवघडले. “मावशी, पेटीत कापड चालत नाही. कसर लागते. तसा नियम आहे.”

“गाठ तुम्ही सोडा मग,” ती म्हणाली. “मला नाही सुटायची.”

त्यांनी ती हळूच सोडली, कागदात डोकं ठेवलं. पेटीवर नंबर घातला. त्याखाली, कुणी सांगितलं नव्हतं तरी, पेन्सिलीनं लिहिलं: ‘निएवेस. घडवणारा अमादोर, तोर्रेसेका.’ मग एप्रनची घडी घालून तीस्कारच्या हातात दिली. घडीत दगडाचा भुगा होता. ब्लासा म्हणाली, “आण, झटकून देते.”

“राहू दे,” तीस्कार म्हणाली आणि तो तसाच पोटाशी धरून घरी गेली.