पहिली चढाई मामांची

दवाखान्याच्या खिडकीतून आधी मूठ आत यायची, मग माणूस दिसायचा. मी नुकत्याच पुसलेल्या फळीवर, औषधाच्या बाटल्यांच्या मधोमध ती मूठ उघडायची आणि तिच्यातून मातीचा एक गोळा खाली पडायचा.

"बघा कंपौंडर, फुटतो का न्हाय."

गोळा फुटायचा नाही. चपटा होऊन फळीला चिकटायचा. "अजून वली हाय," असं स्वतःशीच म्हणत मामा तो नखानं खरवडून काढायचे. अर्धा न्यायचे, अर्धा माझ्या वाट्याला ठेवायचे. आतून पडद्याआडून डॉक्टरसाहेब ओरडायचे, "पुन्हा चिखल आणला का त्यांनी?" आषाढापासून दसऱ्यापर्यंत आमच्या दवाखान्यात हे असं चालायचं.

ती माती असायची आमच्या पेठेतल्या कबड्डीच्या मैदानाची. मैदान म्हणायचं आपलं, एरवी ती पडीक जागा होती. पावसाळ्यात तिथं गुडघाभर गवत माजायचं आणि कुणाकुणाची गाढवं चरायची. दसरा झाला की मंडळाची पोरं गवत उपटायची, माती चाळून पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायची, फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायची आणि सराव सुरू व्हायचा. त्या दिवसाची वाट मामा ज्या तऱ्हेनं बघायचे, तशी वाट मी तरी नवरदेवालाही बघताना पाहिलेलं नाही.

"पावसाळ्यात मानूस नुसता जगतो," ते म्हणायचे. "खरं वरीस दसऱ्याला सुरू हुतं."

आणि माती ओळखण्यात ते मोठे वस्ताद असतील, असं तुम्हाला वाटत असेल तर सोडून द्या. त्यांचा अंदाज हमखास चुकायचा. एकदा गोळा फुटला म्हणून त्यांनी सगळ्या पेठेला कामाला लावलं, आणि रेघा मारून झाल्यावर परतीचा पाऊस असा कोसळला की मैदानात म्हशी बसल्या. मामा छत्री घेऊन कडेला उभे. "मातीची चूक न्हाय, आभाळाची हाय," म्हणाले.

मामा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथं कापूस पिंजून निघतो आणि हवेत नुसती पूड उडत असते. भोंगा झाल्यावर ते बाहेर पडले की भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं झालेलं असायचं. घरी जाऊन तोंड धुवायच्या आधी मैदानावर एक चक्कर ठरलेली. सामन्यांच्या दिवसांत तर एस.टी. पकडून बार्शी, मंगळवेढा, कुठं कुठं जायचे आणि रेषेबाहेर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडायचे. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, सगळ्या पेठेचे होते.

मला खेळांचं काडीचं वेड नाही. तरी दवाखान्याच्या फळीवर बाटल्यांची बुचं मांडून मामांनी मला कबड्डी शिकवलीच. सगळ्यात जोर एका नियमावर. बाद झालेल्यानं बाहेर रांगेत बसायचं. आपल्या गड्यांनी समोरचा एक बाद केला की रांगेतल्या पहिल्यानं उठून पुन्हा आत जायचं. पहिला उठल्याशिवाय दुसऱ्यानं उठायचं नाही. एका सामन्यात आमच्या संघातला बशीर घाईघाईनं नंबर सोडून उठला, तर पंचाच्या आधी मामाच ओरडले होते, "ए बशीर, नंबर तुजा हाय का? बस खाली!" आपल्याच गड्यावर असा ओरडणारा प्रेक्षक मी दुसरा पाहिला नाही. बशीर मुकाट्यानं बसला होता.

आता मुद्द्याचं सांगतो. सरावाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला की पहिली चढाई मामांची असायची. समोर कुणी नाही, मैदान मोकळं. मामांनी धोतराचा काचा मारायचा, मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मधली रेषा ओलांडायची आणि एका दमात पलीकडच्या आडव्या रेषेला पाय लावून परत यायचं. मंडळ काढलं तेव्हा ते स्वतः खेळत होते. तेव्हा पहिली चढाई त्यांनी केली आणि त्या साली मंडळानं ढाल आणली. झालं! तेव्हापासून तो शकुन ठरला. मामांचा दम पुरला की वर्ष चांगलं जाणार. दम तुटला तर? ते कुणी कधी बोललं नव्हतं, कारण तो कधी तुटला नव्हता.

दुष्काळ सरला होता, पण रेशनला ज्वारीऐवजी परदेशी लाल मिलोच मिळत होता, त्या सुमाराची गोष्ट. त्या पावसाळ्यात मामा मातीबरोबर खोकलाही घेऊन आले.

खोकला आधीही होता. गिरणीतल्या कुणाला नसतो? पण हा वेगळा होता. बोलता बोलता मामा थांबायचे, फळीला धरायचे, आणि हातानंच मला "थांबा" म्हणायचे. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी मिक्श्चरची बाटली भरली, डोसाची कातरलेली पट्टी चिकटवली. मामांनी बाटली उजेडात धरली.

"ह्यानं दम वाढंल का?"

"खोकला कमी होईल."

"खोकल्याचं इचारत न्हाय मी, दमाचं इचारतो. दसऱ्याला लागतोय."

आतून डॉक्टर म्हणाले, "धावपळ बंद. चढ-उतार बंद. खातं बदलून घ्या."

"डॉक्टरसाहेबांस्नी सांगा," मामा मला हळूच म्हणाले, "मी धावत न्हाय. चढाई करतो."

माझ्या खिडकीतून समोरचा रस्ता लांबवर दिसतो. आधी नळ, मग शिंप्याचं दुकान, मग पिठाची गिरणी. औषध घेऊन निघाले की मामा दाराशी थांबून छाती भरून घेत आणि ओठातल्या ओठात पुटपुटत चालायला लागत. पहिल्यांदा मला वाटलं, नामस्मरण चाललंय. मग एकदा कानावर आलं. "हुतूतू, हुतूतू, हुतूतू..." नवी पोरं कबड्डी कबड्डी म्हणायची, मामांच्या जिभेवर जुना हुतूतूच होता. दम मोजत होते. आषाढात तो पिठाच्या गिरणीपर्यंत पुरायचा. श्रावणात शिंप्याच्या दुकानाशी तुटायला लागला. तिथं ते फळी धरून उभे राहायचे आणि काचेतल्या कापडांकडे बघितल्यासारखं करायचे.

"मामा, सदरा टाकायचा का शिवायला?" शिंपी विचारायचा.

मामांना उत्तर द्यायला दम नसायचा. ते नुसतं हसायचे.

गणपती उठले तेव्हा दम नळाशी आला होता. नळावर बायकांची रांग असायची, कळशा वाजत असायच्या आणि त्यात मामा खांबाला टेकून उभे. मी खिडकीची झडप लावून घेतली. बघवत नव्हतं.

एक दिवस मामी आल्या. त्या घरी बिड्या वळायच्या, तंबाखूच्या वासासकटच आल्या.

"भाऊ, तुमी तरी त्यांना सांगा. रात-दिस त्येच. झोपेत बी हुतूतू. समोर कुनी उभं नसतंय त्या खेळात, मग कुनाला जिंकायचंय ह्यांला?"

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "कंपौंडर, पोरं सा महिने घाम गाळनार. माज्यामुळं वरीस फुकट गेलं तर? आन् मी न्हाय गेलो तर बी फुकटच. सांगा, काय करू?"

मी त्यांची बाटली भरली आणि पुढं सरकवली.

मंडळाचा कप्तान यल्लप्पा, तोही येऊन गेला. हातमागावर काम करणारा, दांडगा, पण मामांपुढं शेळी होणारा. त्याला सगळं माहीत होतं. "तुमी काळजी करू नका," तो मला म्हणाला. "आमी ठरवलंय. मामा निगाले की आमी सगळे कडेनं मोठ्यांदा दम घालनार. त्यात त्यांचा तुटला तर कुनाला कळनार हाय? त्यांना सुदिक न्हाय कळायचं."

मला बेत पसंत पडला. इतका, की आयुष्यात पहिल्यांदा मी सरावाच्या पहिल्या दिवशी मैदानावर गेलो.

ऊन उतरलं होतं. माती चाळलेली, ओलसर, तिच्यावर फक्कीच्या ताज्या रेघा. मामांनी वाकून मूठभर माती घेतली, दाबली, सोडली. गोळा फुटला. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. भिंतीशी मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

नारळ फुटला. मामांनी काचा मारला, कपाळाला माती लावली आणि मधली रेषा ओलांडली. "हुतूतू, हुतूतू..." आवाज बारीक, पण स्वच्छ होता. लगेच कडेनं पोरांनी गजर केला. सगळा जीव लावून, घशाच्या शिरा ताणून. पण सवय कुठं जाते? गडबडीत सगळ्यांच्या तोंडून जे निघालं ते "कबड्डी, कबड्डी, कबड्डी!"

एवढ्या गलक्यात तो एकटा हुतूतू वेगळा ऐकू येत होता. आडव्या रेषेपर्यंत आला. मामांनी रेषेला पाय लावला, वळले, आणि हुतूतू थांबला. पोरांची कबड्डी थोडा वेळ तशीच चालू राहिली, मग एकेक करून तीही थांबली.

मामा मैदानाच्या मधोमध छातीला हात लावून उभे होते. यल्लप्पा धावत गेला.

"या मामा, या. कुनी ऐकलं न्हाय."

श्वास परत यायला बराच वेळ लागला. "मी ऐकलं की," मामा म्हणाले. "दम तुटला. बाद."

आणि ते चालत मैदानाबाहेर गेले आणि बाद गड्यांच्या जागेवर, रांगेत पहिल्या नंबरला, मांडी घालून बसले. मामी पुढं आल्या तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग यल्लप्पानंच डोळे पुसून दोन बाजू पाडल्या आणि सराव सुरू केला. बशीर चढाईला गेला, त्यानं समोरच्या एकाला शिवलं आणि परत आला. यल्लप्पा रांगेसमोर जाऊन उभा राहिला.

"उठा मामा. तुमचा नंबर."

मामा उठले. धोतर झटकलं, आत गेले आणि उजव्या कोपऱ्यात उभे राहिले. पुढची चढाई त्यांच्या अंगावर आली नाही, येणारही नव्हती, पण मामा गुडघे वाकवून, हात पसरून, पकड करायला तयार होते. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. एवढा खूष आणि एवढा घाबरलेला माणूस मी आमच्या दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता.

त्या वर्षी मंडळ पहिल्याच फेरीत हरलं. पंढरपूरकडचा संघ तगडा होता, यल्लप्पाचा गुडघा दुखावला होता, कारणं पुष्कळ होती. मामांनी एकही ऐकलं नाही. "माज्यामुळं," एवढंच म्हणायचे. यल्लप्पा लंगडत त्यांच्या घरी जाऊन बसायचा.

पुढच्या पावसाळ्यात मूठ खिडकीतून आली नाही. औषध न्यायला मामी यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, जाता जाता तेवडी माती आना म्हनत्यात." मी, चिखलाच्या नावानं खडे फोडणारा मी, संध्याकाळी मैदानावर जाऊन गवतातून मूठभर माती घेतली आणि त्यांच्या खोलीवर गेलो. मामा उशांना टेकून बसले होते. त्यांनी माती दाबून बघितली. बोटांत जोर नव्हता, गोळासुद्धा नीट झाला नाही.

"वाळतेय, नाही का?" मी म्हणालो.

"कशाची वाळतीया. वली हाय अजून," मामा म्हणाले. "पोरांना म्हनावं घाई करू नका. अन् त्या येड्यांना सांगा, हुतूतू म्हनायचं असलं तर हुतूतू म्हना."

हसायला गेले आणि खोकल्यानं त्यांना धरलं. श्रावणातच ते गेले.

दसरा झाला. मी मैदानावर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. नारळ फुटला, पण पहिली चढाई करायला कुणी पुढं होईना. यल्लप्पानं मधल्या रेषेशी जाऊन माती कपाळाला लावली आणि सरळ दोन बाजू पाडून खेळ सुरू केला. त्याच्या बाजूचे सातांऐवजी सहाच गडी आत उतरले. उजवा कोपरा मोकळा होता.

थोड्या वेळानं बशीर बाद झाला. बाहेर आला आणि रांगेत पहिली जागा सोडून दुसऱ्या जागेवर बसला. मला वाटलं, सावलीसाठी बसला असेल. मग यल्लप्पानं समोरचा एक गडी पकडून पाडला आणि मागं न बघताच ओरडला, "बशीर, ऊठ!"

बशीर उठला नाही.

"अरे ऊठ की!"

"पैला नंबर मामा का है," बशीर म्हणाला.

यल्लप्पा वळला. त्यानं रांगेकडे बघितलं, उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. नंतर तो त्या रिकाम्या पहिल्या जागेसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उठा मामा."

भिंतीशी मामी होत्या. मग यल्लप्पा आपल्या जागेवर परत गेला आणि खेळ पुढं सुरू झाला. समोरच्या बाजूचा गडी चढाईला आला तो उजव्या कोपऱ्याला वळसा घालून गेला. पुढचा गुण मिळाल्यावर बशीर उठला. पण तो सगळा डाव आमची बाजू एक गडी कमी घेऊनच खेळली.