अडीच पाठव

वाघिणीचा फाळका खाली पडला आणि आतले दगड घरंगळत माझ्या चपलांपाशी आले. नारळाएवढे, लिंबाएवढे, काही तर पेढ्याएवढे. मी मागवल्या होत्या सोळा शिळा. प्रत्येक सहा फूट लांब, एकेक उचलायला आठ माणसं लागतील अशी.

रेल्वेच्या मालडब्याला वाघीण का म्हणतात ते मला त्या सकाळी कुंभकोणम्‌च्या मालधक्क्यावर समजलं. शेजारी सरकारी इंजिनीअर उभे होते. पलीकडे शिळा न्यायला खास मागवलेल्या बैलगाड्यांची रांग होती.

"राव, तुमच्याकडे याला शिळा म्हणतात?" इंजिनीअरांनी शांतपणे विचारलं.

"नाही सर."

"मग काय म्हणतात?"

"खडी, सर."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

काम होतं आडुतुरैच्या बाजूला जाणाऱ्या एका कालव्याच्या तोंडाचं. नदीतून कालव्यात पाणी शिरतं तिथे दोन भिंती आणि मध्ये लोखंडी दार असतं. त्या दाराची चौकट वरच्या दगडी शिळांवर बसते. शिळा नाहीत तर दार नाही. दार नाही तर येणारं पाणी आवरता येणार नाही, म्हणून कालव्याचं तोंड मातीने बुजवून टाकायचं आणि पुढच्या गावांनी पहिल्या पिकाची आशा सोडायची. मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटायला आठ दिवस होते. आमच्यापर्यंत पोचायला आणखी चार. बियाणं भिजत घालायची तयारी करून लोक बसले होते.

"बारा दिवस," इंजिनीअर म्हणाले. "अकराव्या दिवशी मी माती टाकायला माणसं आणतो. मला दुसरा इलाज नाही."

आता हे घडलं कसं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण लाज आता जुनी झाली आहे.

कुंभकोणम्‌भोवती कितीही खणा, चिखलच लागतो. आमच्याकडे कुत्र्याला दगड मारायचा तर तोही आधी मागवावा लागेल. सगळा दगड पश्चिमेकडून, तिरुच्चीच्याही पलीकडून यायचा. तिथे एका छोट्या स्टेशनालगत आमच्या मुदलाळींची, म्हणजे मालकांची, खाण होती. मी त्यांचा डिस्पॅच सुपरवायझर. वय सव्वीस, अक्कल त्याहून बरीच लहान. माल वेळेवर येत नाही म्हणून मुदलाळींनी मला दहा दिवस खाणीवर पाठवलं. "राव, तिथली व्यवस्था सुधारून ये," एवढंच म्हणाले. तोंडात पान होतं, त्यामुळे जास्त बोलले नाहीत.

मी सुधारणा केल्या. दोन चांगल्याही होत्या. पाथरवटाची छिन्नी बोथट झाली की तो स्वतः उठून लोहाराच्या भट्टीकडे चालत जायचा, तिथे रांगेत बसायचा. मी बोथट छिन्न्या गोळा करून धार लावलेल्या परत आणून देणारा एक माणूस नेमला. दुसरी गोष्ट म्हणजे कामावर जो दगड शेवटी लागतो तो वाघिणीत सगळ्यात आधी भरायचा, म्हणजे उतरवताना आधी लागणारा आधी हाताशी येतो. यावर मी इतका खूश झालो की पुढे थांबता आलं नाही.

दगड फोडताना आधी ओळीने भोकं पाडतात, त्यांत लोखंडी पाचरी बसवतात आणि माणसं गाणं म्हणत एका तालात घण घालतात. गाण्यात वेळ जातो असं वाटून मी गाणं बंद केलं. ताल गेला, पाचरी वेड्यावाकड्या शिरल्या, एक चांगला दगड तिरका फुटला. दुसऱ्या दिवशी मी गाणं सुरू करायचा हुकूम काढला. गाण्यासाठी हुकूम मिळालेली ती जगातली पहिली खाण असावी. मग सगळ्या दगडांना चुन्याने नंबर घालायला लावले. पाऊस पडला, नंबर गेले. आणि उठता-बसता एकच उपदेश: वाघिणीत दगडांमध्ये मोकळी जागा ठेवू नका, आपण दगड विकतो, हवा नाही.

हे सगळं ऐकून घ्यायचे करुप्पण्णन मेस्त्री. खाणीवरचे मुख्य. साठीचे, बारीक, दोन्ही पंजे दगडासारखे. तमिळ लोक आम्हा रावांना 'रायर' म्हणतात, तसे तेही म्हणायचे. माझ्या प्रत्येक हुकुमावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "सरि, रायर." बरं, राव.

परत निघायच्या दिवशी मेस्त्री मला गाडीवर पोचवायला आले. सोळा शिळा घडून तयार होत्या. फक्त रुंदी किती ठेवायची ते इंजिनीअर ठरवणार होते आणि त्यांची चिठ्ठी सकाळीच माझ्या हाती आली होती. अडीच फूट. ती खिशात ठेवून मी सगळ्यांना उपदेश करत हिंडलो आणि नेमकं तेवढंच सांगायचं विसरलो. गाडी हलली तेव्हा आठवलं. खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत मी ओरडलो, "मेस्त्री, त्या मोठ्या शिळा! अडीच! अडीच अनुप्पु!"

बाकीचं तमिळमध्ये होतं. 'अनुप्पु' म्हणजे पाठव. 'अडीच' मात्र मराठी. आम्ही तंजावरकडचे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या बाहेर तमिळ बोलतो, हिशेब मात्र मनातल्या मनात मराठीत करतो. वडिलांनी माझ्याकडून पावकी, निमकी, अडीचकी छडी घेऊन पाठ करून घेतली होती. घाई झाली की तोंडातून तीच निघते. तमिळमध्ये अडीचला 'रेंडरै' म्हणतात. आणि तमिळ कानाला 'अडीच' कसं ऐकू येतं? 'अडिच्चु.' म्हणजे हाणून. दगडाच्या खाणीत हाणून पाठव म्हटल्यावर काय करायचं ते कोणाला विचारावं लागत नाही.

मेस्त्रींनी हात वर केला. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ मला दिसले. "सरि, रायर."

मालधक्क्यावरून मी तडक गाडी धरली आणि वाटेत भांडणाची पूर्ण तयारी केली. खाणीवर पोचलो तेव्हा मेस्त्री झाडाखाली ताक पीत होते.

"मेस्त्री, शिळा का फोडल्या?"

"तुम्ही सांगितलंत."

"मी?"

"गाडीतून. अडिच्चु अनुप्पु." त्यांनी माझा आवाजही हुबेहूब काढला.

माझी तयारी तिथेच संपली. मी दगडावर बसलो आणि त्यांना अडीच म्हणजे काय ते सांगितलं. बोटांनी दाखवलं, दोन आणि अर्धं. मेस्त्री बराच वेळ माझ्या अर्ध्या बोटाकडे पाहत राहिले.

"तुम्हाला शंका नाही आली?" मी विचारलं. "एवढ्या घडवलेल्या शिळा कोणी फोडायला सांगेल?"

"आली की. पोरं घण उचलेनात. पहिली शिळा मी स्वतः फोडली. फोडताना वाटलं, रायरांना वेड लागलं आहे." त्यांनी ताकाचा लोटा खाली ठेवला. "पण मग म्हटलं, गाणं बंद करा म्हणाले, बंद केलं. दगडाला नंबर घाला म्हणाले, घातले. हवा पाठवू नका म्हणाले. मोठ्या शिळांमध्ये हवा राहते, खडीत राहत नाही. तेव्हा ही नवी सिस्टीम असणार."

सिस्टीम हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता.

"नव्या सोळा करायला किती दिवस?"

"आमच्या पद्धतीने महिना."

"बारा दिवसांत पाणी येतंय."

मेस्त्री उठले, खाणीच्या काठावर जाऊन उभे राहिले. पाण्याचं नाव काढल्यावर ते थट्टा विसरले. त्यांचं गाव कोरडवाहू, विहिरीच्या तळाशी बादली आपटते असं. पाणी येणार आणि दगड नाही म्हणून ते परत पाठवायचं, हे त्यांना सोसेना.

"रायर, दगड फोडायला वेळ लागत नाही," ते म्हणाले. "वेळ लागतो घडायला. वरची बाजू गुळगुळीत, खालची गुळगुळीत, चारी कडा सरळ. या शिळांची खालची बाजू कोण बघणार?"

"कोणी नाही. खाली पाणी."

"म्हणजे मासे. मासे सरकारकडे अर्ज करत नाहीत. भिंतीवर टेकेल तेवढी वीतभर जागा सपाट करू, बाकी राहू दे खडबडीत. आणि घडायचं ते इथे कशाला? तुमचे गवंडी तिथे हात बांधून बसलेत ना? नुसत्या फोडलेल्या शिळा वाघिणीत घाला. आठ झाल्या की आठ पाठवा, सोळांची वाट बघू नका. आम्ही दहा जण बरोबर येतो. कालव्याच्या काठावर आम्ही घडतो, शेजारी ते बसवतात."

डिस्पॅच सुपरवायझर मी होतो. दहा दिवस त्या खाणीवर मी व्यवस्था सुधारत हिंडलो आणि हे मला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "सरि, मेस्त्री."

तिसऱ्या दिवशी पहिल्या आठ शिळा निघाल्या. त्याच गाडीने मेस्त्री आणि नऊ पाथरवट छिन्न्या पोत्यात बांधून कुंभकोणम्‌ला उतरले. उतरल्यावर आधी मुदलाळींकडे जावं लागलं. मुदलाळी ओसरीवर पान लावत होते.

"कोणी फोडल्या?"

"चूक माझी, मुदलाळी," मी म्हणालो. "मी मराठीत बोललो."

"मी ऐकण्यात चुकलो," मेस्त्री म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ऐकण्यात मुळीच चुकले नव्हते. मी जे बोललो तेच त्यांनी ऐकलं होतं. शिवाय त्या माणसाची तीस वर्षांची नोकरी होती आणि माझी तीन वर्षांची. त्यांनी माझं नाव सांगून बाजूला व्हायचं, एवढंच पुरेसं होतं.

मुदलाळींनी पान तोंडात घातलं, चावलं, आम्हा दोघांना एकदा नीट पाहून घेतलं. "अर्धा मूर्ख हा, अर्धा तू. दोघं मिळून एक पुरा झाला. पुऱ्या मूर्खाला कामावरून काढता येतं, अर्ध्याला कसं काढू? जा, कामाला लागा."

इंजिनीअर खडबडीत पोटाच्या शिळा बघून आधी नाही म्हणाले. मेस्त्रींनी त्यांना वाकून भिंतीवर टेकणारी वीतभर जागा दाखवली. त्यांनी पट्टी लावून पाहिली, पुन्हा लावली, मग टोपी डोक्यावर ठेवली. "बसवा." खडीकडे बघून म्हणाले, "हीही लागेल. काठाला टाकायला मी पुढच्या महिन्यात मागणारच होतो. तुम्ही जरा लवकर पाठवलीत."

दुसऱ्या आठ शिळा सातव्या दिवशी आल्या. काठावर छिन्न्यांचा आवाज, शेजारी गवंडी, मधे मी. मी काय करत होतो? पाथरवटांना कॉफी नेऊन देत होतो. कोणी हुकूम विचारला नाही, मी दिला नाही. दहाव्या दिवशी सोळावी शिळा बसली. अकराव्या दिवशी दाराची चौकट उभी राहिली. माती टाकायला बोलावलेली माणसं आली आणि दार बसवायला हात लावून गेली.

पाणी तेराव्या दिवशी सकाळी आलं, एक दिवस उशिराने. आधी नदीच्या वाळूत एक गढूळ जीभ दिसली, पालापाचोळा ढकलत हळूहळू पुढे सरकणारी. दार वर उचललं तशी ती कालव्यात वळली. काठावरच्या बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. करुप्पण्णन मेस्त्री शिळेवर पालथे पडून फटीतून खाली बघत होते. पाणी शिळांच्या खडबडीत पोटाखालून जात होतं.

"कोणी तक्रार केली?" मी विचारलं.

"अजून मासे पोचले नाहीत," ते म्हणाले.

पुढे मी त्या धंद्यात तीस वर्षं काढली, आणि ती काढता आली ती त्या ओसरीवर एका माणसाने अर्धा मूर्ख व्हायचं कबूल केलं म्हणून. त्यांचे आभार मानायला मी एकदा गेलो होतो. ते म्हणाले, कसले आभार, आणि मला घण कसा धरायचा ते शिकवायला लागले.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी एकच गोष्ट सांगत आलो. आकडा ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावा, हे तर झालंच. पण खरी चूक ती नव्हती. ज्या साहेबाने नऊ विचित्र हुकूम दिले आहेत, त्याचा दहावा हुकूम कोणी परत विचारत नाही. म्हणून नऊ कमी द्यावेत.