वुर्टेम्बर्गच्या राजाची दाढी

खंडेनवमीच्या सकाळी चाकणला आमच्या कंपनीत पूजेआधीची साफसफाई चालू होती. पॉलिशिंग शॉपच्या बाळूभाऊंनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली... आत वुर्टेम्बर्गचं चांदीचं लष्करी पदक!

माझं वेड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, वुर्टेम्बर्ग अशी वेगवेगळी राज्यं होती. त्यांच्या सैनिकांची पदकं मी अकरा वर्षं जमवतोय. ऑनलाइन लिलाव, कस्टमची कटकट, बायकोची बोलणी, सगळं सोसून चार जमली. वुर्टेम्बर्ग मात्र दरवेळी हातातून निसटलं.

आणि बाळूभाऊंना ते घरबसल्या मिळालं. नवी लाइन बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर सहा महिने त्यांच्याकडे भाड्याने राहिला, वहिनींच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली आणि जाताना आपल्या घरातलं जुनं पदक देऊन गेला.

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. अकरा वर्षं मी झुरतोय आणि यांना पिठल्यावर पदक!

"तुमाला यातलं कळतंय म्हणून दाखवलं," बाळूभाऊ म्हणाले. "पर लई काळं पडलंय, राव. बफला लावून चकाचक करू का?"

जुनं पदक घासायचं नसतं, हा या छंदाचा पहिला धडा. तो काळपटपणा म्हणजे त्याचं वय, आणि बफच्या चाकावर तर वरची नक्षीही झिजते. पदकावरच्या राजाच्या दाढीचा केस न् केस दिसत होता... 'नको' म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणालो, "करा की."

मला नाही ना मिळालं, मग कुणालाच नको. अगदी हेच मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला संध्याकाळी पिंपळे गुरवला आमच्या दाराची बेल वाजली. बाळूभाऊ चाकणहून बाइकवर सोनं द्यायला आले होते. आपट्याची पानं हातात दिली आणि त्यावर तोच रुमाल ठेवला.

"हे तुमच्यासाठीच व्हतं. आमी खिळ्याला टांगून काय करनार? तुमचा जीव हाय यात. म्हनलं, द्यायचं तर उजळून द्यावं. जेवणाच्या सुट्टीत बसून केलं बगा."

पदक स्टीलच्या ताटासारखं लखलखत होतं. राजाची दाढी साफ गेली होती, नाकही निम्मं झिजलं होतं. बाळूभाऊ मोठ्या कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत होते...

माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आनंदाने.

आता ते शोकेसमध्ये मधोमध ठेवलंय. काल पदकं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर एकाने लगेच विचारलं, "हे कुठल्या गाढवाने घासलं?"

आधी 'माहीत नाही' असं टाइप केलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, "मी."

बाळूभाऊ, वहिनी तुम्हाला ही पोस्ट वाचून दाखवतीलच. तुम्ही विचारलं होतंत, मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही... रागवा, चार शिव्या घाला, पण दिवाळीच्या फराळाला दोघंही आमच्याकडे या.