भाऊजी म्हणतात

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन माणसं बसायची. आत, ट्यूबलाइटखाली पाठ वाकवून मिस्तरी, आणि बाहेर काउंटरवर त्याची वहिनी. दुकान मिस्तरीचं, पण आवाज वहिनींचा. समोर मशीन असलं की मिस्तरी खूश. माणूस आला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याचा मोठा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, पाणीपुरवठा केंद्रात नोकरीला होता. घरात बसून कंटाळा येतो म्हणून वहिनी एकदा ‘चार दिवस मदत करते’ असं म्हणत दुकानात आल्या त्या आल्याच. फोन, गिऱ्हाईक, पावत्या, रुसवेफुगवे सगळं त्यांच्या अंगावर पडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. फक्त फोन सोडून.

फोन शटर वर जायच्या आधीच वाजायला लागायचा.

“अहो, दोरा सारखा तुटतोय.”

वहिनी मान वळवून ओरडायच्या, “भाऊजी, दोरा तुटतोय!”

आतून उत्तर, “सुई उलटी बसवली असेल.”

“खाली नुसता गुंता होतोय.”

“भाऊजी, खाली गुंता!”

“मग वरचा दोरा नीट ओवा म्हणावं. खाली काय उघडून बसलेत!”

यातलं ‘काय उघडून बसलेत’ गाळून उरलेलं गोड आवाजात सांगायचं, हे वहिनींचं काम. दोरा, सुई, गुंता. गुंता, सुई, दोरा. एके दिवशी सकाळपासून तोंडाला फेस आलेला असताना पुन्हा फोन वाजला. वहिनींनी उचलला आणि समोरच्याला तोंड उघडू न देता एका दमात सुरू केलं, “सुई काढा, नीट बघून परत बसवा, दोरा पहिल्यापासून ओवा, आणि तरी तुटला तर मशीन घेऊन या.”

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, “अगं, मी बोलतोय. कपाटाची किल्ली तुझ्याकडे राहिलीय का?”

काउंटरपाशी शिवणबाई उभ्या होत्या. त्या मागच्या रस्त्यावर शिवणकामाचे वर्ग चालवायच्या आणि वर्गातली दमलेली मशीनं इथे आणायच्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वहिनी, तेच तेच किती दिवस बोलणार? एकदा लिहून टाका. वेबसाइट करा.”

“मी? बाई, मला कॉम्प्युटरवर पावती छापता येते. तीही कधीकधी आडवी येते.”

“मला तेवढंही येत नव्हतं. तयार यंत्रणा मिळते हो. जगभरच्या लोकांनी मिळून केलीय आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवलीय. कुणीही घ्यावी, वापरावी, आत उघडून बघावी, हवा तो बदल करावा. इंटरनेटवर थोडी जागा भाड्याने घ्यायची, एक बटण दाबायचं, ती तिथे बसते. मग आपण फक्त लिहायचं.”

आत हातोडीचा आवाज थांबला. “आत उघडून बघता येतं?” मिस्तरीने विचारलं.

शिवणबाई चकित झाल्या. इतक्या वर्षांत मिस्तरी आपण होऊन त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. त्याला नव्या मशीनांचा मनापासून राग होता. प्लॅस्टिकच्या सांगाड्यात सगळं चिकटवून टाकलेलं, एक स्क्रू सापडेल तर शपथ!

“हो, सगळं उघडं असतं,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे स्क्रूवालं मशीन आहे. चिकटवलेलं नाही.”

“तसंच समजा.”

“मग बसवा,” मिस्तरी म्हणाला आणि परत खाली वाकला. दिली परवानगी, संपला विषय.

शिवणबाईंनी पुढच्या खेपेला शेजारी बसून जागा घेऊन दिली, दुकानाच्या नावाचा पत्ता घेऊन दिला आणि ते बटण वहिनींनाच दाबायला लावलं. पट्टी सरकत सरकत भरली आणि पडद्यावर एक खरीखुरी साइट उभी राहिली. वर कोणाचं तरी चित्र, खाली साऱ्या जगाला उद्देशून एक नमस्कार.

“अगं बाई, इथे आधीच कोणी राहतंय!” वहिनी म्हणाल्या.

“कोणी नाही हो. तो नमुना आहे. खोडा आणि आपलं लिहा.”

वहिनींना तो खोडायला जिवावर आलं, पण खोडला. मग एकेक गोष्ट समजत गेली. ‘पान’ म्हणजे दुकानाच्या दारावरच्या पाटीसारखं, एकदा लावलं की लावलं. ‘पोस्ट’ म्हणजे रोजचं बोलणं, नवं आलं की जुनं खाली सरकतं. ‘मेन्यू’ म्हणजे कुठे काय आहे ते सांगणारी वाट. आणि ‘थीम’ म्हणजे साइटचे कपडे. मजकूर तोच, कपडे बदलले की सगळं रूपच पालटायचं. इथे मात्र वहिनी घसरल्या. सकाळी निळी थीम, दुपारी पिवळी, संध्याकाळी काळ्यावर पांढरी अक्षरं. आत एक ओळ मजकूर नाही आणि साइट दिवसभर आरशासमोर.

“लग्नाला निघालीय का ती?” मिस्तरी जाता जाता म्हणाला.

वहिनींनी ओशाळून एक साधीशी थीम ठरवली आणि लिहायला बसल्या. पहिला लेख फार मेहनतीने लिहिला. ‘दोरा तुटण्याची विविध कारणे असू शकतात. त्यापैकी प्रमुख कारणे खालीलप्रमाणे.’ नवऱ्याने मशीनचे फोटो काढून दिले. ते इतके अवाढव्य होते की पान उघडेपर्यंत हातातला चहा निवून जायचा. शिवणबाईंनी आधी फोटो लहान करायला शिकवलं, मग लेख वाचला आणि चष्मा काढला.

“रागवू नका वहिनी. हे वाचून दोरा राहील बाजूला, वाचणाराच तुटेल.”

“मग कसं लिहू?”

“फोनवर बोलता ना, तसं.”

वहिनी दोन दिवस फोनवरचं आपलंच बोलणं कान देऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी सगळं खोडून नव्याने लिहिलं. ‘खाली गुंता झाला की आपण सगळे काय करतो? खालचं झाकण उघडून बसतो. आमचे भाऊजी म्हणतात, अहो, खाली काय उघडून बसलात, चूक वर आहे! सुईजवळचा पाय वर उचला, दोरा काढा, पहिल्यापासून ओवा.’ इतकी वर्षं जे गाळून सांगत होत्या, तेच आता न गाळता लिहिलं, आणि मजकुरात एकदम जीव आला. पुढचा लेखही तसाच. त्यापुढचाही. सदराला नाव काय द्यायचं हा प्रश्नच उरला नाही. ‘भाऊजी म्हणतात.’ भाऊजींना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

लोक वाचू लागले. लेखांखाली प्रतिक्रिया येऊ लागल्या. पहिलीच प्रतिक्रिया आली ती कोणा बूट विकणाऱ्याची जाहिरात होती. वहिनींनी तिला अदबीने उत्तर लिहिलं, ‘लिहिल्याबद्दल आभारी आहोत, परंतु आमच्याकडे बुटांचे काम होत नाही.’ दुसऱ्या दिवशी बूटवाल्यांची रांगच लागली. तेव्हा बाईंनी अशी भरताड अडवणारं प्लगइन बसवून दिलं. प्लगइन म्हणजे यंत्रणेला बाहेरून जोडायचा सुटा भाग.

इतके सगळे भाग आणि तेही फुकट, हे कळल्यावर वहिनींना राहवेना. एक घड्याळाचं, एक फोटो आपोआप सरकवणारं, एक पानावरून रंगीत बटणं घरंगळत नेणारं. ते शेवटचं बसवलं आणि सगळी साइट पांढरीफटक पडली. ना लेख, ना मेन्यू, ना आत जायचं दार.

“भाऊजी, गेलं! सगळं गेलं!”

मिस्तरी हात पुसत बाहेर आला. पडद्याकडे बघून म्हणाला, “शेवटचं काय बसवलंत?”

“बटणं.”

“मग तेच आधी काढा. मशीन कालपर्यंत चालत होतं ना?”

“पण काढू कसं? आतच जाता येत नाहीये!”

ते त्यालाही ठाऊक नव्हतं. वहिनींनी ही यंत्रणा वापरणाऱ्या लोकांच्या मदतीच्या पानावर जाऊन होतं तसं लिहिलं, बटणांसकट. दुपार टळायच्या आत कुठल्या तरी अनोळखी माणसाचं उत्तर आलं. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावरून फायलींमध्ये जा, त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे यंत्रणेला ते सापडणार नाही आणि ती त्याच्याशिवाय चालू होईल. शेवटी लिहिलं होतं, ‘घाबरू नका, हे आमच्यातल्या प्रत्येकाचं एकदा तरी झालंय. आणि पुढच्या वेळी काहीही बसवायच्या आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवा.’ वहिनींनी नाव बदललं, पान पुन्हा उघडलं, आणि लेख जिथल्या तिथे! त्यांनी काउंटरवरच टाळी वाजवली. कात्री घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानेही, कशाला ते न कळता, एक वाजवली.

“कोण होता तो?” मिस्तरीने विचारलं.

“काय माहीत. नाव नाही, गाव नाही. पैसेही मागितले नाहीत.”

“मग उत्तर का दिलं?”

“येत होतं म्हणून दिलं असेल,” वहिनी म्हणाल्या. मिस्तरीने पडद्यावरचं ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं आणि मग तो आत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बिंग फुटलं. एक धिप्पाड गृहस्थ मशीन खांद्यावर घेऊन थेट आत शिरले आणि म्हणाले, “भाऊजी तुम्हीच ना?”

मिस्तरी दचकला. याची बहीण काही आपल्या घरात दिलेली नाही! “तुमचा भाऊजी? मी?”

“अहो, सगळ्यांचेच! बायकोने सांगितलंय, भाऊजींचं बोलणं खाऊन ये, पण मशीन त्यांनाच दाखव.”

गृहस्थ गेल्यावर मिस्तरी काउंटरवर आला. “वहिनी, काय लिहून ठेवलंय तुम्ही?”

वहिनींना वाटलं, आता काही खरं नाही. तरी त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. मिस्तरी खाली मान घालून ऐकत होता. तो रागावला होता की लाजला होता ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी म्हणाला, “मी इतका खेकसतो?”

“याहून जास्त. मी कमी करून लिहिलंय.”

“आणि लोकांना आवडतं?”

“खालच्या प्रतिक्रिया वाचू?”

“नको,” तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि परत वळला. “त्या तेलाच्या लेखात चूक आहे. खोबरेल घालू नका, हे लिहिलं नाहीत. लोक घालतात. सगळं चिकट होऊन बसतं.”

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की तो स्टूल ओढून काउंटरपाशी बसू लागला. तो बोलायचा आणि वहिनी टाइप करायच्या. समोर माणूस नसला की मिस्तरीला किती बोलता येतं, हे बघून वहिनी थक्कच झाल्या.

मग एका बाईंची प्रतिक्रिया आली. त्या कुठे राहतात हेही यांना माहीत नव्हतं. त्यांच्या आईचं जुनं मशीन बरीच वर्षं चादरीखाली पडून होतं, चाक हलायला तयार नव्हतं. इथला दुरुस्तीवाला म्हणतो भंगारात द्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

“लिहा,” मिस्तरी म्हणाला. “जोर लावायचा नाही. तेल सुकून डिंक झालाय. प्रत्येक भोकात थेंबभर तेल, वर केस वाळवायच्या यंत्राची ऊब, आणि चाक मागेपुढे अगदी हळू. आज नाही हललं तर उद्या.”

उद्याही नाही हललं. बाई रोज लिहायच्या, मिस्तरी रोज सांगायचा. वहिनींचा नवरा संध्याकाळी घरी आला की आधी विचारायचा, “हललं का?” शेवटी मिस्तरीने बॉबिन बसते त्या शटलच्या खोबणीचा फोटो मागवला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, “हा बघा, दोऱ्याचा तुकडा. गुंडाळून काळा झालाय. चिमट्याने ओढायला सांगा.”

दुसऱ्या दिवशी फक्त एक व्हिडिओ आला. चाक फिरत होतं, सुई खालीवर होत होती, आणि मागे कोणीतरी म्हातारं माणूस मोठ्याने हसत होतं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मिस्तरी मात्र डोळे मिटून कान देऊन ऐकत होता.

“काय झालं भाऊजी?”

“पट्टा सैल आहे,” तो म्हणाला. “सांगा त्यांना.” आणि मग वहिनींना कधी दिसलं नव्हतं असं तोंडभर हसला.

फोन कमी झाले का? छे. उलट वाढले. पण आता लोक म्हणायचे, “तुमचं वाचून सुई बदलली, दोरा ओवला, तरीही टक टक वाजतंय.” म्हणजे प्रश्न नवा असायचा, आणि नव्या प्रश्नाला वहिनींचा कधीच आक्षेप नव्हता. मिस्तरी अजूनही समोरच्या माणसाला चार शब्दांत वाटेला लावायचा, मात्र जाताना ‘साइट बघा’ हे दोन शब्द जास्तीचे.

एका दुपारी वहिनींनी त्याचं स्वतःचं खातं उघडून द्यायचं ठरवलं. यंत्रणेने विचारलं, या माणसाला काय करायचं? यादीत प्रशासक होता, संपादक होता, लेखक होता, नुसता सदस्यही होता.

“प्रशासक कोण?” मिस्तरीने विचारलं.

“मी.”

“ते आहेच. मग मी?”

“लेखक.”

त्याने हाताचं तेल विजारीला पुसलं आणि एका बोटाने टाइप करायला बसला. गिऱ्हाइकं आली गेली. पट्ट्याविषयी चार ओळी व्हायला त्याला सगळी दुपार लागली, त्यात ‘पट्टा’ दोन जागी ‘पटा’ झाला होता. वहिनींचा हात शिवशिवला, पण त्यांनी तो आवरला. मिस्तरीने ‘प्रकाशित करा’ दाबलं, पडद्याकडे बघितलं, पान पुन्हा उघडलं, परत उघडलं.

“वहिनी, अजून कोणी काही म्हणालं नाही.”

“भाऊजी, आत्ता टाकलंय. लोकांना वाचू तर द्या!”

“बरं,” तो म्हणाला, आणि पान पुन्हा एकदा उघडून बघितलं.