दोनशे पावलांची माशी

गिरणी बंद पडली आणि दादाने गावी जायचं ठरवलं. रानडुकरं भात लोळवत होती, आणि बाबांच्या मागे शेतरक्षणाचं लायसन त्याच्या नावावर झालं होतं. रायफल मात्र नेमाच्या खाली मारायची. मी भांडुपच्या कारखान्यात फिटर. मग काय, ती नीट करणं आलं माझ्या गळ्यात.

"डबो मी वाजवतलंय, तुमी फक्त नेम धरा," मुलुंडच्या आमच्या खोलीत बोंबील तळता तळता वहिनी दादाला म्हणाली. गावात पद्धतच तशी. एकाने वरच्या बांधावरून डबा बडवत डुकरं खाली हाकायची, दुसऱ्याने खालून मारायची. मला ती पद्धत कधीच आवडली नव्हती.

रविवारी आम्ही दोघं डोंगराखालच्या बंद खाणीत गेलो. चोरूनच. आत कावळासुद्धा ओरडत नव्हता.

नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते. ती घासली की गोळी वर चढते. किती घासायची ते अंतरावर ठरतं, आणि घासलेलं लोखंड परत चिकटत नाही.

"सत्तर पावलांवर लाव रे," दादा म्हणाला. "आपलो भाताचो कुणगो तेवढोच लांब आसा."

"अरे, रायफल आहे का बेचकी? दोनशेवर लावतो, बघच तू!"

खरं कारण एवढंच की खाणीची मागची भिंत दोनशे पावलांवर होती, आणि तिथे गोळी बसवून दाखवायची मला खाज होती. जन्मभर त्याने मला "तुका काय कळता" म्हणून गप्प बसवलं होतं. घासलं, झाडलं, परत घासलं. शेवटी खडूच्या गोलात मधोमध बसली. झकास! मी नाचायचाच बाकी होतो.

उरलेलं एकच काडतूस दादाने सत्तर पावलांवरून झाडलं. गोळी चार बोटं वर गेली. मला तिथल्या तिथे कळलं. गोळी लांब पोचवायची तर मध्ये ती वरून जाणारच. सांगितलं असतं तर तो जरा खाली नेम धरायला शिकला असता. पण चूक कबूल करायची म्हणजे माझी जीभ झडते की काय!

"तुझा हात हलला," मी म्हणालो.

तो ओशाळला. "वय झाला रे," म्हणाला आणि रायफल पिशवीत घालून निघाला.

भात पिकलं तेव्हा तार आली. तिन्हीसांजेला डुक्कर खाली उतरत होतं, वहिनी त्याच्या पाठीमागे बांधावर. गोळी डुकराच्या अंगातच राहील असा दादाचा हिशोब होता. ती डुकराच्या पाठीवरून गेली आणि वहिनीला लागली. वहिनी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

मी गेलो तेव्हा दादा पडवीत आपला पंजा न्याहाळत बसला होता.

"माझोच हात हललो," तो म्हणाला. "तू माका खाणीत सांगलं हुतंस ना रे?"

आणि मी, लाज वाटते लिहायला, मान डोलावली.